वझराची शिदोरी

धबधबा बघायला निघालो तेव्हा आम्ही घरून पाणी घेऊन निघालो. हसू नका. कवठे महांकाळात ज्याने दुष्काळ काढला आहे तो माणूस लग्नाला निघो, दवाखान्यात निघो नाहीतर देवाला, फिरकीचा तांब्या भरल्याशिवाय त्याचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नाही. आमचा तांब्या पितळेचा, पोटाला एक पोचा आलेला, आणि त्याची फिरकी (आट्यांचं झाकण) झिजलेली. म्हणून तिच्याखाली मी चिंधीचा वेढा देतो. माझा धंदा शिवणकामाचा. घरात चिंध्यांना तोटा नाही, तोटा पाण्याला.

सुंदरा, म्हणजे माझी बायको, पिशवी घेऊन दारात उभी होती. "आवं, वझर बगाया निघालोय आपण," ती म्हणाली. वझर म्हणजे धबधबा. तिच्या माहेरकडचा शब्द. "तितं पान्याला काय कमी हाय व्हय?"

"आन् आटला आसला तर?"

"त्यो आटत न्हाई," ती अशी काही फणकारली, की मी तिच्या बापालाच नावं ठेवली असावीत.

बाप तिला राहिला नव्हता, आईही नव्हती. सुंदराचं माहेर कोयनेच्या खोऱ्यातलं, उंबरवाडी नावाची एवढीशी वाडी. आमच्या कोरडवाहू रानात पोट भरेना म्हणून तरणेपणी मी शिलाई मशीन घेऊन धरणाच्या कामावर गेलो होतो, मजुरांच्या बंड्या नि चड्ड्या शिवायला. तिथेच सोयरीक जुळली. लग्नानंतर ती जेमतेम दोन पंचमींना माहेरी गेली असेल, तोवर धरणाचं पाणी चढलं आणि वाडी उठली. कुणाला कुठे जमीन मिळाली, कुणाला कुठे. वडील आधीच गेलेले. आई नव्या वसाहतीत राहायला गेली आणि पहिलाच उन्हाळा तिला सोसला नाही. भाऊ नव्हता. झालं, माहेर संपलं. 'बायको माहेरी जाते नि इथं चूल फुंकायची पाळी येते' अशी रडगाणी इतर नवरे पारावर बसून गायचे तेव्हा मी विडी ओढत गप्प बसायचो. मला ती कटकट कधी मिळालीच नाही.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. लेक माहेराहून सासरी परत निघाली की माहेरची माणसं तिच्याबरोबर शिदोरी देतात. लाडू, करंज्या, धपाटी, ज्याच्या घरी जे असेल ते बुट्टीत (टोपलीत) भरायचं आणि वर फडकं बांधायचं. ते फडकं वाटेत सोडायचं नाही. सासरी पोचल्यावर आळीत घरोघर शिदोरी वाटायची. घेणारीनं एक घास तोंडात टाकायचा आणि विचारायचं, "माहेरची समदी बरी हायत न्हवं?" देणारीनं म्हणायचं, "बरी हायत." एवढंच. ज्याला आहे त्याला त्यात काही मोठं वाटत नाही. सुंदरानं इतकी वर्षं आळीतल्या सगळ्या बायकांची शिदोरी खाल्ली, सगळ्यांना तो प्रश्न विचारला. तिला मात्र त्या दोन पंचमींनंतर कुणी विचारला नाही. कसा विचारणार? एकदा मी सांगलीहून पेढे आणून म्हटलं, वाट हे, कोण बघतंय. तर म्हणाली, "इकतची शिदोरी नसती. ती माहेरच्या हातानं बांदावी लागती." दोन दिवस त्या पेढ्यांना कुणी शिवलं नाही. शेवटी मीच संपवले.

दुष्काळ सरल्यानंतरची ही पहिली पंचमी. शेजारच्या पारूवहिनी माहेराहून आल्या आणि त्यांचे लाडू आले. चांगला पाऊस झाल्यामुळे वळणाऱ्या हातानं गूळ सैल सोडलेला होता. सुंदरानं लाडू खाल्ला, "समदी बरी हायत न्हवं?" विचारलं, वाटी धुऊन चिमूटभर साखर घालून परत दिली. मग माझ्या मशीनपाशी येऊन उभी राहिली.

"मला एकदा वझर बगायचाय," ती म्हणाली. "मानसं न्हाईत तर न्हाईत."

मी पितृपंधरवडा ठरवला. शिंप्याला वर्षात तेवढीच काय ती सवड. त्या दिवसांत कुणी नवं कापड अंगाला लावत नाही. आदल्या दिवशी मिरज, सांगली करत कराडला माझ्या थोरल्या बहिणीकडे मुक्कामाला गेलो. तिथून सकाळच्या पहिल्या गाडीनं निघून दिवसात जाऊन यायचं, असा बेत. आक्कानं कपाळाला हात लावला. "पितरं चालू आस्ताना कोन हिंडाया जातं गं?"

"आक्का, माजं माहेर पितरांकडंच हाय की," सुंदरा म्हणाली. आक्कानं मग भाकरी बांधून दिल्या.

सकाळी एस.टी. कराडातून निघाली ती उसाच्या हिरव्या भिंतींमधून. पाटणच्या पुढे ऊस सुटला, भाताची खाचरं लागली, डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ सरकले. पावसाची सर यायची, जायची, पुन्हा यायची. आमच्याकडे पावसाळ्यात माणसं आभाळाकडे बघतात. इथली माणसं मान खाली घालून चिखलाकडे बघत चालली होती. गाडीच्या खिडक्यांना काचा होत्याच असं नाही, त्यामुळे माझा उजवा खांदा भिजला आणि डावा कोरडा राहिला. गाडीत माझ्या मांडीवर पाण्यानं भरलेला तांब्या होता हे बघून समोरच्या बाईनं तिच्या नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

कंडक्टर आला. "कुटलं?"

"उंबरवाडी," माझ्या आधी सुंदरा बोलली.

कंडक्टर तरणा होता. "ह्या रोडला असलं गाव न्हाई, मावशी."

"हाय की. नदीच्या कडंला."

पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मी हळूच फाट्याचं नाव सांगितलं आणि तिकिटं घेतली. सुंदरा तिकीट मुठीत धरून बाहेर बघत बसली. मला त्या पोराचा राग आला आणि राग येण्याजोगं त्यानं काही केलं नव्हतं, म्हणून जास्तच आला.

फाट्यावर एक चहाची टपरी होती, गोणपाट टाकून पावसापासून वाचवलेली. टपरीवाला म्हातारबा चहा गाळता गाळता म्हणाला, "उंबरवाडी? ती पान्याखाली हाय. वर धनगराची दोन-तीन खोपटं तेवडी. ह्या दिसांत तिकडं कशाला जाताय? जळवा फोडून खातील. आन् सांजंची गाडी चुकली तर हितंच माज्या बाकड्यावर निजा."

"खोपटांत कोन हाय?" सुंदरानं विचारलं.

"आसंल कोनतरी. मी कवा वर गेलोय!"

समोर डोंगरावर ढग बसले होते. वाऱ्यानं ते जरा फाटले आणि कातळावर पांढऱ्या दोऱ्याचा एक कच्चा टाका घातल्यासारखी रेघ दिसली. तोच वझर. माझे गुडघे, गाडीची वेळ आणि जळवा या सगळ्यांचा विचार करून मी म्हटलं, "दिसला की. बगितला. आता हितनंच हात जोड."

तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, पदर खोचला आणि वाटेला लागली. चहाचा अर्धा पेला तसाच ठेवून मी मागं पळालो.

वाट कसली, पाण्यानंच ती पाडलेली. दोन्ही अंगांनी तेरडा फुललेला, मध्ये मध्ये सोनकीचे पिवळे गालिचे, वर हिरड्याची गर्द झाडी. दर थोड्या अंतरावर एखादा ओहोळ खळखळत वाट ओलांडून जायचा. मला तहान लागली की मी त्याच ओहोळाच्या काठी बसायचो, फिरकी सोडायचो आणि तांब्यातलं घोटभर मचूळ पाणी पिऊन फिरकी घट्ट लावायचो. सुंदरा ओंजळीनं ओहोळाचं पाणी पीत होती. तिसऱ्या खेपेला तिला हसू आवरेना. सवय वाईट असते, दुसरं काय! दुष्काळात आम्ही टँकरमागं घागरी घेऊन धावलो आहोत. पाणी वाटेत पडलेलं असतं यावर आमचा विश्वास बसत नाही.

जळवांनी मला धरलं, तिला नाही. पोटरीवर काळी दोरी चिकटलेली बघून मी जी बोंब ठोकली ती धरणापर्यंत गेली असेल. सुंदरानं पिशवीतून मिठाची पुडी काढली, जळू टिपली आणि म्हणाली, "पावन्याला पैली धरती ती."

एका वळणावर झाडी सरली आणि खाली धरणाचं पाणी दिसलं. डोंगरांच्या सगळ्या फटींत शिरलेलं, काठोकाठ, गढूळ हिरवं. एवढं पाणी एका जागी बघितलं की आमच्याकडच्या माणसाचा जीव हरखतो. माझाही हरखला, आणि लगेच मला स्वतःची शरम वाटली, कारण ते पाणी माझ्या बायकोच्या आईच्या चुलीवर उभं होतं.

"त्यो बोडका डोंगर दिसतोय न्हवं," सुंदरा बोट करून म्हणाली, "त्येच्या पायाशी आमचं अंगन. हिकडं फणस. दारातनं वझर दिसायचा."

मी "व्हय, व्हय" म्हणालो. मला सगळीकडे सारखंच पाणी दिसत होतं. ती बराच वेळ उभी राहिली. तिला तिथे उभं राहू द्यावं की ओढून न्यावं हे मला कळेना, म्हणून मी पायावर दुसरी जळू आहे का ते शोधत बसलो.

वझराचा आवाज आधी आला, मग खोपट दिसलं. गवतानं शाकारलेलं, कुडाच्या भिंतींचं, आणि दारात गोणपाटाची खोळ डोक्यावर घेतलेली एक म्हातारी म्हशीला चारा टाकत होती. तिनं आम्हाला बघितलं. त्या दिवसांत त्या वाटेनं माणूस येणं हेच तिला नवल असावं.

"कुटली रं तुमी?"

"खालची," सुंदरा म्हणाली. "उंबरवाडीची."

म्हातारी थांबली. "उंबरवाडीत आता मासं ऱ्हात्यात, बाई. तू कुनाची?"

"काशीबाईची. फणसाच्या घराची."

म्हातारीनं हातातला चारा टाकला, जवळ आली, सुंदराची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. मग म्हणाली, "सुंदरी? ताकाच्या मडक्यात हात घालनारी?"

सुंदरानं नुसती मान हलवली आणि ती म्हातारीच्या गळ्यात पडली. वझर एवढा कोसळत होता तरी तिचं रडणं मला ऐकू येत होतं. लग्नानंतर तिच्या आईची बातमी आली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. त्या वेळी गळ्यात पडायला माणूस नव्हतं.

म्हातारीचं नाव ठकूमावशी. वाडी होती तेव्हा ती ताकाची मडकी घेऊन खाली उतरायची आणि काशीबाईच्या ओसरीवर भाकरी खाऊन वर चढायची. वाडी उठली, हिचं खोपट पाण्याच्या वर होतं, म्हणून राहिलं. मला बघून तिनं पदर सावरला. "जावई व्हय ह्ये? आन् हातात काय आनलंय जावयानं?"

"पानी," मी म्हणालो.

ती एवढी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. "पान्याच्या घरी पानी घिऊन आलाय! बगू बगू." तिनं फिरकी सोडून एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "खारट हाय गं तुज्या सासरचं पानी."

"त्याच्यावरच संसार झाला माजा," सुंदरा डोळे पुसत म्हणाली, आणि का कोण जाणे, मला फार बरं वाटलं.

आक्काच्या भाकरी आम्ही तिघांनी खाल्ल्या. ठकूमावशीनं ताक दिलं. मग ती आम्हाला वझरापाशी घेऊन गेली. जवळून तो टाकाबिका काही नव्हता. काळ्या कड्यावरून सगळं आभाळ एकाच जागी सांडत होतं, खालच्या डोहातून तुषारांचा धूर उठत होता आणि पायाखालचा कातळ थरथरत होता. दाणदाण, दाणदाण, न थांबता. तो आवाज ऐकता ऐकता मला एकाएकी उमगलं. लग्न झाल्यापासून सुंदराची एक खोड आहे. मी मशीन चालवत असलो की तिला गाढ झोप लागते. मशीन थांबलं की ती डोळे उघडते. मी तिला कुंभकर्णाची उलटी बहीण म्हणायचो. ती ह्या आवाजात वाढली होती. आमच्या मुलखातल्या कोरड्या शांततेत तिला इतकी वर्षं झोप कशी लागावी!

सुंदरानं माझ्या हातातून तांब्या घेतला. फिरकी सोडली आणि उरलेलं सगळं पाणी डोहात ओतलं.

"आगं, सांडतीयास काय!" मी ओरडलो. समोर डोंगरभर पाणी कोसळत असताना मी हे ओरडलो.

"माहेरी मोकळ्या हातानं येऊ नी," ती म्हणाली. "सासरचं हाय ते दिलं."

आम्ही परत खोपटाकडे आलो तेव्हा ठकूमावशी आत गेली, मडकी धुंडाळल्याचा आवाज आला, आणि रिकाम्या हातानं बाहेर येऊन उंबऱ्यावर बसली. "नाचनी आजून रानात हाय. डब्यात पीठ न्हाई. गुळाचा खडा हुता त्यो परवाच संपला. लेक आली, आन् शिदोरी बांदाया घरात दाना न्हाई गं, सुंदरे."

"आसू दे, मावशी. तुला बगितलं, झालं."

ती 'आसू दे' म्हणाली खरं, पण तिचा आवाज मी ओळखतो. पेढ्यांच्या वेळी असाच होता. इतक्या वर्षांनी माहेरचा हात सापडला होता आणि तो रिकामा होता. मला वाटलं, काहीतरी बोलावं. गाडीची वेळ होत आली होती, तेवढंच मी सांगितलं.

ठकूमावशी उठली. तांब्या उचलून तरातरा वझराकडे गेली. ह्या वयाची बाई त्या शेवाळलेल्या कातळावर अशी चालत होती, की बघणाऱ्यानंच झाडाला धरावं. कड्यालगतच्या एका धारेखाली तिनं तांब्या धरला, भरून आणला, फिरकी लावली. मग नेसूच्या लुगड्याचा पदर दातात धरून टर्रकन फाडला आणि तो तुकडा तांब्याच्या तोंडावर बांधून गाठ मारली.

"तुज्या आईनं ह्याच पान्यावर तुला वाडवली. माहेरचं म्हनावं आसं आता येवडंच उरलंय," ती म्हणाली. "वाटंत सोडू नगंस. आळीत समद्यांस्नी वाट. आन् मोकळा तांब्या घिऊन पुन्यांदा ये."

तिनं सुंदराच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मी वाकून पाया पडलो. उतरताना सुंदरा एकदाही मागं वळली नाही. मीच वळत होतो. म्हातारी दारात उभी होती, फाटक्या पदराचं टोक हातात धरून.

सांजेची गाडी मिळाली, टपरीवाल्याचं बाकडं वाचलं. पाटणला एक फौजी चढला, सुटीवर घरी निघालेला, काळी ट्रंक पायाशी घेऊन आमच्या शेजारी बसला. गाडीनं वेग घेतल्यावर त्याची नजर सुंदराच्या मांडीवरच्या तांब्यावर गेली. "मावशी, घोटभर पानी द्या की."

पाण्याला नाही म्हणणं आमच्या रक्तात नाही. सुंदरानं तांब्या पोटाशी धरला, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "दादा, ही शिदोरी हाय माजी. माहेरची."

तो हसेल असं मला वाटलं. पण त्यानं फडक्याची गाठ बघितली आणि हात मागं घेतला. "मंग नगं. शिदोरी वाटंत सोडत न्हाईत." थोड्या वेळानं त्यानंच खिशातून चिक्कीचा तुकडा काढून तिला दिला. मलाही सडकून तहान लागली होती. कराडपर्यंत मी तांब्याकडे बघत आलो, पण पाणी मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो. सुंदरानं हातपाय धुतले, गाठ सोडली, फडक्याची घडी करून देवाजवळ ठेवली. घरातल्या होत्या तेवढ्या वाट्या पाटीत मांडून प्रत्येकीत पळीभर पाणी घातलं आणि ती आळीत निघाली. पितरांच्या दिवसांत शिंप्याची बायको वाटीतून पाणी वाटत हिंडते म्हटल्यावर आळी काय म्हणेल? एक जरी बाई फिदीफिदी हसली असती तरी सुंदरा पुन्हा कधी त्या दारात उभी राहिली नसती. मी मशीनवर बसलो, पण पाय चालेना. उठून दारात आलो.

पहिलं दार पारूवहिनींचं. त्यांनी वाटीत डोकावून बघितलं. "ह्ये काय गं?"

"माजी शिदोरी," सुंदरा म्हणाली. "वझराचं पानी. उंबरवाडीच्या ठकूमावशीनं बांदून दिलीया."

पारूवहिनी तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला, वाटी दोन्ही हातांत धरली आणि थेंब न सांडता प्यायल्या. पदरानं तोंड पुसलं. आणि आळीतल्या सगळ्या दारांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "माहेरची समदी बरी हायत न्हवं?"

सुंदरानं रिकामी वाटी परत पाटीत ठेवली.

"बरी हायत," ती म्हणाली. "पानी लय हाय."

आता दरवर्षी पितृपंधरवडा जवळ आला की ती तांब्या चिंचेनं घासून लखलखीत करते आणि मी पारावर जाऊन बसतो. विडी पेटवतो, चार माणसं जमण्याची वाट बघतो, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो, "बायकोचं माहेर म्हंजी लय कटकट हाय, गड्या!"